परक्याच्या कोटातले दाजी

...नाही, थंडी असते हे ऐकून होतो हो, पण अशी? तुम्हाला सांगतो, सकाळी उठून आमच्या दाजींनी नाकाला हात लावला तर नाक आपलं की शेजाऱ्याचं, कळायचं नाही त्यांना! जन्म गेला उन्हाच्या गावात, त्यात धंदा इस्त्रीचा, बारा महिने बनियनवर, आणि आमची ताई, म्हणजे दाजींची बायको, नर्स आहे ती, तिला नोकरी लागली कुठे? तर या डोंगरावरच्या गारठ्यात! आली का पंचाईत? दाजी आले पाठोपाठ, आणि पहिल्याच सकाळी स्वतःच्या तोंडातून वाफ निघालेली बघून ओरडले, ‘अगं ऊठ, माझ्या आत काहीतरी जळतंय!’ ताई पांघरुणातूनच म्हणाली, ‘अहो, श्वास आहे तो. तोंड मिटा.’ दाजी म्हणाले, ‘ते काही नाही. येत्या सोमवारी मी परत चाललो!’

सोमवार आला. आंघोळीचं धाडस होईपर्यंत अकरा वाजले, गाडी साडेनऊची! जातायत कपाळ?

बरं, लोकांनी तरी कीव करावी ना... दोन स्वेटर, ताईची शाल, त्यावर माझा जुना रेनकोट, अशी ही चालती वळकटी रस्त्याला लागली की खालच्या मजल्यावरचे आजोबा, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, झाडांना पाणी घालत विचारायचे, ‘काय, आज जरा उकडतंय, नाही?’ उकडतंय! दाजींचे दात असे वाजायचे की आजोबांना वाटायचं, हे ‘हो-हो-हो’ म्हणतायत!

शेवटी एका लाँड्रीत इस्त्रीचं काम मिळालं. तुम्ही म्हणाल, सुटले! कसले सुटतायत? तोंड टेबलाकडे, पाठ दाराकडे... पोटावर उन्हाळा, पाठीवर हिवाळा! दर पाच शर्टांनी दाजी गर्रकन फिरून पाठ शेकून घ्यायचे. मालकीण विचारायची, ‘अहो, गिरक्या कसल्या घेताय?’ ‘काही नाही बाई, येत्या सोमवारी मी परत चाललो!’

आणि एका सकाळी टेबलावर आला एक लोकरीचा कोट. काळा, जाड, घोट्यापर्यंत! दाजींनी ओला फडका टाकून, वाफ काढत, बाह्या, कॉलर, आतून, बाहेरून, झकास इस्त्री केली, आणि तो कोट ऊब सोडत समोर नुसता लोंबायला लागला हो... माणसानं सोसायचं तरी किती? मालकीण बाहेर गेलेली. दाजी म्हणाले, दोनच मिनिटं! घातला. बटणं लावली. डोळे मिटले. गाव सोडल्यापासून पहिल्यांदा त्यांचे दात गप्प बसले, आणि एवढ्यात...

‘तो कोट माझा आहे.’

दाजींनी डोळे उघडले. समोर शाळेच्या मुख्याध्यापिका! मागे मालकीण! आणि मधे दाजी, तिऱ्हाईत बाईच्या कोटात, गळ्यापर्यंत बंद! आवाजच असा, की दाजींनी नकळत हात पुढे केला... छडी खायला! मालकीण कडाडली, ‘उद्यापासून येऊ नका!’ आणि वार कुठला? सोमवार! आता खरंच परत जायचं म्हटल्यावर मात्र दाजींना जाववेना. ताई इथे, आपण तिथे... घर खायला उठेल हो! एकेक बटण काढत त्यांनी कोट दिला.

बाईंनी तो अंगात घातला... आणि थांबल्या. डोळे मिटले. बराच वेळ उघडेनात! मालकीण घाबरली. मग बाई हळू म्हणाल्या, ‘बावीस वर्षं या थंडीत शाळेला जातेय, पण असा कोट...’ आणि एकदम शाळेच्या आवाजात, ‘यांना काढायचं नाही! उद्या पावणेसातला मी येते. यांनी कोट असाच घालून ठेवायचा.’

‘घालून?’

‘घालून!’

मुख्याध्यापिकांपुढे बोलणार कोण? दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागून आले पोस्टमास्तर, मग दातांचे डॉक्टर, आणि चौथ्या दिवशी, पिशवीत कोट लपवून, ते उकडणारे आजोबा! ‘कुणाला बोलू नका हं.’ सकाळभर दाजींच्या अंगावर कोट चढतायत, उतरतायत... सोमवार येतात, जातात, दाजी कुठले हलायला!

परवा तर त्यांनी स्वतःसाठी कोट शिवून घेतला. हौसेनं घालून आरशासमोर उभे, तोच ताई ड्युटीला निघाली. ‘काढा तो. मी घालते. तुमच्या अंगावरनं उतरला की जास्त ऊब देतो.’ काय करतील? काढला! ताई जिना उतरायला लागली, हे कुडकुडत दारात. ‘अगं, पण मी काय घालू?’

खालून आवाज आला, ‘लोकांचे आहेत की!’