सोनबाच्या घराकडे वळवलेला कर्णा

ठकुबाई : च्या घ्या गुर्जी, गार व्हतोय. माझ्या हातचा न्हाई, गोरखच्या हाटिलातला हाय.

उपेंद्र : तुमच्या हातचा असता तरी घेतला असता, ठकुबाई. असं काय बोलता?

ठकुबाई : चार वर्सं झाली, वाडीत आमच्या घरचा च्या कुनी घेत न्हाई. म्हनून आधी सांगायची सव लागलीया.

उपेंद्र : सोनबा कसे आहेत? दिसले नाहीत कुठे.

ठकुबाई : घरी हायत. देवळाकडं येत न्हाईत ते. तुमी आज काय बोलनार हाय?

उपेंद्र : गोरखने बोलावलंय मला. नवा व्हिडिओ फिरतोय ना सगळ्यांच्या मोबाईलवर, पाच हजार वर्षांपूर्वीची दिनदर्शिका सापडली, पुढच्या महिन्यात जग बुडणार. त्याच्यावरच बोलायचंय.

ठकुबाई : व्हय, औंदा समदं जगच बुडनार हाय. गेल्या बारीला नुसतं आपलं धरन फुटनार हुतं.

उपेंद्र : दोन्ही एकाच कारखान्यातला माल. गेल्या वेळीही अशाच दिनदर्शिकेतली बारा जुलै सांगितली होती, आठवतं? मी लोकांना एवढंच विचारतो, पाच हजार वर्षांपूर्वीच्या दिनदर्शिकेत जुलै कुठून आला? जुलै इंग्रजांबरोबर आला आपल्याकडे.

ठकुबाई : ह्ये कळलं मला. आनि?

उपेंद्र : आणि ते साठ वर्षांचं चक्र. एकसष्ट साली पानशेत फुटलं, पुणं बुडालं. साठ वर्षांनी तेच संवत्सर परत आलं, म्हणून तुमचं धरण फुटणार. अहो, संवत्सरांना नावं दिलीत ती मोजायला. एसटीच्या सीटला नंबर असतात तशी. बारा नंबरच्या सीटवर एखादा माणूस वारला म्हणून पुढच्या फेरीला तिथे बसणारा मरत नाही. एकसष्टच्या आधी साठ वर्षं, म्हणजे एकोणीसशे एक साली, हेच संवत्सर होतं. तेव्हा पानशेतचं धरणच नव्हतं. मग फुटलं काय? नर्मदेच्या पलीकडे तर त्याच वर्षाला नावच दुसरं आहे. पाण्याला काय ठाऊक, आपण कुठल्या पंचांगातून वाहतोय ते.

ठकुबाई : ब्येस बोलता. माज्यासारख्या अडान्याला बी पटतंय.

उपेंद्र : तीस वर्षं भोरला गणित शिकवलं, ठकुबाई. एवढं तर जमायला हवं.

ठकुबाई : मंग ह्ये समदं तवा ठावं हुतं का तुमास्नी?

उपेंद्र : तेव्हा म्हणजे?

ठकुबाई : करोनाच्या पाडव्याला. तोंडाला फडकी बांधून पंधरा-वीस मानसं ह्याच देवळात बसली हुती. पाडव्याला पंचांग वाचायचा मान तुमच्या घराचा, तुमच्या वडलांपास्नं. तुमी वाचलं. राजा कोन, परधान कोन, पाऊस किती. आनि पोथी मिटता मिटता म्हनालात, एकसष्टला हेच संवत्सर हुतं बरं का, पानशेत फुटलं त्या साली.

उपेंद्र : ते मी गंमत म्हणून सांगितलं होतं. शिक्षकाची खोड. एक योगायोग दिसला, सांगितला.

ठकुबाई : तुमची गंमत झाली. माझा मानूस रडाया लागला. आठ वर्साचा हुता तवा, नदीकाठाला मामाच्या घरी. मामानं खांद्यावर घेतलं आनि डोळ्याम्होरनं गोठ्यातली म्हस दाव्यासकट व्हात गेली. ते त्यानं उभं ऱ्हाऊन सांगितलं. कुनीतरी मोबाईलवर घेतलं. महिन्याभरात त्योच व्हिडिओ आला, वर कुना गुरूचा आवाज, खाली बारा जुलै. आनि तोंड माझ्या मानसाचं.

उपेंद्र : ते तुमच्या जमिनी पडत्या भावात घेणाऱ्या एजंटाचं काम होतं. तारीखही त्यानेच घातली. मी नाही.

ठकुबाई : तुमी न्हाई घातली. ते ठावं हाय मला.

गोरख : गुर्जी, माईक लावलाय, माणसं जमायला लागली. काकी, तुम्ही इथं काय करताय? गुर्जींना बोलू द्या जरा निवांत.

ठकुबाई : च्या द्याया आले.

गोरख : चहा मी दिला होता. आणि तो कर्णा कुणी फिरवला? दोन्ही कर्णे रस्त्याकडं लावले होते मी. एकाचं तोंड धरणफोड्याच्या घराकडं कसं झालं?

उपेंद्र : कुणाच्या घराकडे?

गोरख : सोनबाकाकाच्या, गुर्जी. वाडीत नाव पडलंय त्यांचं. जत्रेला पालखीचा खांदा त्यांच्या घराचा होता, तोही काढून घेतला लोकांनी. माझं मत नव्हतं तसं, पण मी विरोधही केला नाही. का करू? पयली जमीन ह्यांनी विकली. मग बाप म्हणाला, ज्यानं पानशेत डोळ्यांनी बघितलं तोच पळतोय तर आपण कशाला थांबायचं. अकरा घरांनी दिली. बारा जुलैला काय झालं? भुरभुर पाऊस झाला. धरण जागच्या जागी.

ठकुबाई : आमी काय दलाली खाल्ली न्हाई, गोरख. आमची बी गेलीच की.

गोरख : लोक म्हणतात खाल्ली. मी बघितलं नाही, मी म्हणत नाही. पण रोज गडाच्या पायथ्याला, पालीला ट्रेकवाल्यांना घेऊन जातो ना जीपमधनं, तेव्हा कुंपणाच्या आत दिसतं. बापाच्या शेतात पोहायचा तलाव बांधलाय. पुण्याची पोरं डुंबतात. शेतात पाणी येणार म्हणाले होते, आलं. तेवढं भाकीत खरं झालं. गुर्जी, पाच मिनिटांत या.

उपेंद्र : आलोच.

ठकुबाई : गेला. चांगला हाय तसा. एकला असला की बोलतो, चारचौघांत असला की वळख देत न्हाई. कर्ना म्याच फिरवाय लावला, गुर्जी. मांडववाल्याच्या हातापाया पडून. ह्ये उंबऱ्यावर बसल्यात ऐकाया.

उपेंद्र : काय ऐकायला?

ठकुबाई : तुमी खरं सांगनार, ते ऐकाया.

उपेंद्र : खरंच तर सांगणार आहे. सगळं सांगणार आहे आता.

ठकुबाई : ते जुलैचं आनि एसटीच्या सीटचं? ते चार वर्साखाली सांगायचं हुतं. जमीन द्यायच्या आधी आले हुते की मी तुमच्या दारात. एसटी बंद, दुधाच्या टेम्पोत डब्यांमधी बसून भोरला आले. तुमी जाळीच्या आतनं बोलला. म्या इचारलं, गुर्जी, खरं हाय का? तुमी म्हनालात, संवत्सर तेच आहे.

उपेंद्र : मी खोटं नाही बोललो. संवत्सर तेच होतं. धरण फुटेल असं मी कधीच म्हणालो नाही.

ठकुबाई : फुटनार न्हाई असं बी न्हाई म्हनालात.

उपेंद्र : ठकुबाई, तुम्ही आलात तेव्हा मालिनीला जाऊन नऊ दिवस झाले होते.

ठकुबाई : तुमच्या घरच्या बाई करोनात गेल्या ते मागनं कळलं. त्या दिवशी ठावं न्हवतं मला.

उपेंद्र : दवाखान्यातून फोन आला, तेव्हा शेवटचं बघायलाही मिळालं नाही. घरात मी एकटा. समोर पंचांग पडलेलं. रोज तेच उघडून बसायचो, कुठल्या नक्षत्रावर गेली, कुठे काही आधी कळलं असतं का. मी. गणिताचा मास्तर. तुम्ही विचारलंत खरं आहे का, तर माझ्या मनात आलं, असेलही. एवढं सगळं बुडतंय, तर एक धरण का नाही बुडणार. म्हणून मी नाही म्हणालो नाही. मला म्हणताच आलं नाही.

ठकुबाई : म्हंजी तुमास्नी बी खरं वाटलं हुतं.

उपेंद्र : वाटलं. दोन महिने वाटत होतं. बारा जुलैला रात्रभर मी रेडिओ लावून बसलो होतो.

ठकुबाई : आनि ऑगस्टात वाडीतली मानसं तुमच्याकडं आली तवा?

उपेंद्र : तेव्हा मला लाज वाटली.

ठकुबाई : तवा तुमी म्हनालात, म्या फकस्त पंचांग वाचलं, बाकीचं सोनबा बोलला. त्या दिसापास्नं माझा मानूस धरनफोड्या झाला. त्यो सांगायचा, गुर्जीच म्हनाले हुते, तर लोक हसायचे. शिकलेला मानूस असं कसं म्हनंल? तू अडानी, तूच म्हनला असशील.

उपेंद्र : माझं चुकलं, ठकुबाई. त्यासाठीच तर मी ही भाषणं करत फिरतो. कापूरहोळपासून वेल्ह्यापर्यंत एक शाळा सोडली नाही. पाडव्याचं वाचनही बंद केलं.

ठकुबाई : भाषनं समद्या गावांत केली. हितं चार वर्सांनी आलात.

उपेंद्र : हो.

ठकुबाई : म्या भांडाया आले न्हाई. जमीन गेली ती काय तुमी परत आनत न्हाई. मला एकच वाक्य पायजे. माईकवर म्हना, पानशेतचं पयलं म्या बोललो, आनि मला बी खरं वाटलं हुतं. बस. गुर्जीला खरं वाटलं म्हनल्यावर माझ्या मानसाला कोन हसंल?

उपेंद्र : लोक काय म्हणतील? पुढे माझं कोण ऐकेल?

ठकुबाई : तेच तर त्यांचं झालंया. चार वर्सं कुनी ऐकत न्हाई त्यांचं.

उपेंद्र : ठीक आहे. सांगतो.

ठकुबाई : नक्की?

उपेंद्र : सांगतो म्हटलं ना. तुम्ही पुढे बसा.

ठकुबाई : म्या त्यांना काल सांगून ठिवलंय, गुर्जी सांगनार. अंगुळ करून, धुतलेली टोपी घालून बसल्यात. घरातल्या घरात.

(देवळासमोर. माईक सुरू झाला आहे.)

गोरख : हालो, हालो. मागं आवाज येतोय ना? तर मंडळी, भोरचे उपेंद्र गुर्जी आज आपल्याला जग बुडणार का नाही ते सांगणार आहेत. मोबाईल खिशात ठेवा जरा.

उपेंद्र : नमस्कार. मी एकच प्रश्न विचारतो. पाच हजार वर्षांपूर्वीची दिनदर्शिका आणि तिच्यात इंग्रजी महिना. कसा आला? हसू येतंय ना? हसा. हसण्यासारखंच आहे ते. पण चार वर्षांपूर्वी याच गोष्टीला आपण हसलो नाही. आपल्या जमिनी गेल्या. ती सुरुवात कुठे झाली, हे आज सांगणार आहे मी. याच देवळात झाली. पाडव्याचा दिवस होता. पंचांग वाचून झालं होतं. आणि तेव्हा...

गोरख : पाणी देऊ का, गुर्जी?

उपेंद्र : नको. तेव्हा कुणीतरी सहज बोलून गेलं, की एकसष्ट सालीही हेच संवत्सर होतं. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण कुणाला तरी ते खरं वाटलं. असं होतं, मंडळी. दिवस वाईट असतात, माणूस घाबरलेला असतो, शिक्षण कमी पडतं. म्हणून आपण काय करायचं, तर भाकीत आलं की आधी तारीख तपासायची...

ठकुबाई : गुर्जी.

गोरख : काकी, खाली बसा.

उपेंद्र : प्रश्न शेवटी घेऊ, ठकुबाई.

ठकुबाई : सवाल न्हाई, गुर्जी. नाव तेवढं ऱ्हायलं. ह्ये उंबऱ्यावर बसून ऐकत्यात.