मागच्या सीटवरची बायको

पार्किंग पासाच्या कार्यालयात बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या मास्तरांचे कान शेजारच्या दोघांकडे लागले होते. एक कुबडीवाल्या ताई होत्या आणि दुसरा एक धडधाकट गृहस्थ.

"काय हो दादा, जिना तर धावत चढलात! आणि पास अपंगांचा?"

"बायकोचा आहे, ताई. मुदत आज संपतेय."

"बायको कुठाय?"

"खाली, गाडीत."

"राखीव जागेतली निळी गाडी ना? येताना बघितली मी. कुणी नव्हतं आत."

"कुणी जवळ आलं की ती मागच्या सीटवर आडवी होते."

"का? चोरी केलीय?"

"दिसायला ठणठणीत आहे. पण फुप्फुसं गेलीत, चार पावलांत दम लागतो. परवा दुकानापाशी उतरली, तर कुणीतरी सगळ्यांदेखत म्हणालं, 'नाटकं करता, लाज नाही वाटत?' तेव्हापासून खाली पाय ठेवत नाही."

"इथे तर पास नवा करायला माणूस स्वतः समोर उभा लागतो."

"तेच तर! नाही आली, तर पास गेला."

"गोष्ट झकास रचलीत हो! थांबा, मीच बघून येते. खोटं निघालं तर साहेबांना इथेच सांगेन. आजोबा, माझी जागा धरा."

मास्तरांनी बाकावर पिशवी ठेवली. कुबडी खटखटत लिफ्टकडे गेली.

बऱ्याच वेळाने लिफ्टचं दार उघडलं. कुबडीच्या खटखटीसोबत आता कुणाच्या तरी धापाही ऐकू येत होत्या.

"आजोबा, पिशवी उचला. आणि दादा, तुम्हीही जरा सरका, आम्हा दोघींना बसायचंय."