सोमवारची गोळी

बारामतीच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीपाशी दादासो ताटकळले होते. इंदापूरची एसटी सुटायला आली, तरी पुढच्या बानूबाई हलेनात. खिडकीतली दिपाली त्यांना सोडेना.

"आजी, बीपीची गोळी घरी कशी घेणार, ते सांगा. मगच कॉम्प्युटरात 'समजलं' म्हणून नोंदवते."

"रोज सकाळी. सोमवार सोडून."

"सोमवारी का नाही?"

"उपास असतोय की!"

"पाण्याबरोबर घ्यायची. गोळीनं उपास मोडत नाही."

"आन् देव कोपला तर?"

"दिपालीनं दिली म्हणून सांगा त्याला."

"बरं बाई. सोमवारी बी घीन."

"पोरी, दाब की आता बटण! माझी गाडी चुकंल."

"दाबलं, तात्या. ही तुमची गोळी. कशी घेणार?"

दादासोंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तात्या, गाडी चुकेल ना?"

"जाऊ दे गाडी. आमी शनवार धरतो गं."