खोकल्याचं औषध

व्यसनमुक्ती केंद्रात मी भावाची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाकावर एक मामा आणि त्याची शाळकरी भाची नंबर लागायची वाट बघत होते.

“पोलिसांना काय सांगितलंस?”

“मैत्रिणींच्या नादानं मेडिकलचं कुलूप तोडलं म्हणून.”

“मग पोलिसांनी पाठवलंय त्या डॉक्टरीणबाईंनाही तेच सांग.”

“पण मामा, नाद माझाच होता. त्या दोघी बाहेर उभ्या होत्या. आत मी शिरले.”

“हळू बोल गं!”

“गल्ल्याला हातही लावला नाही मी. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या तेवढ्या उचलल्या.”

“अगं, पण तुला खोकला कुठे झाला होता?”

“तेच तर सांगतेय. ते घेतलं नाही की हात थरथरतात, डोकं भणभणतं. मग आपण काय फोडतोय, काय चोरतोय, याचं भानच राहत नाही.”

“म्हणजे तुझ्या आईचा मोबाइल...”

“तोही मीच विकला.”

“आणि मी त्या शेजारच्या पोराला बडवलं!”

“त्याची माफी मागायला जाऊ आपण. मीही येते.”

“तुझ्या आईला हे मोबाइलचं कळलं तर ती अंथरूण धरेल.”

“ती आत्ताही कुठे झोपते? कूस बदलत पडलेली असते. मला ऐकू येतं.”

“चला, पुढचा नंबर!”

“ऊठ. मी येतो बरोबर.”

“नको, तू इथेच बस. तू समोर असलास की माझ्या तोंडून आपोआप खोटं निघतं.”

“बरं बाई. बसतो.”

दार लागलं. मामानं फोन लावला.

“ताई, गेली ती आत. नाही गं, ओढावं नाही लागलं. मलाच बाहेर बसवलंय तिनं.”