चहातली मुळी

मुरबाडच्या दवाखान्यात जुनाट दम्याच्या नव्या औषधावर संशोधन चालले होते. वडिलांचे कार्ड घेऊन तपासणीच्या रांगेत बसलेल्या ज्ञानेश्वरच्या कानांवर शेजारी बसलेल्या, ते औषध घेणाऱ्या धाकलूचे आणि त्याच्या बायकोचे, भिमीचे बोलणे पडत होते; ऐकू नये म्हटले तरी पडतच होते.

“रगतात लिवर बिगडलेला दिसतो, असा नर्सबाई बोलली. डोळे पन पिवळे झालेत तुजे.”

“दुसरा कंचा औषध घ्यायचा नाय बोलले, ता मी पाळला. बिडी पन सोडली.”

“तू पाळलास. मी नाय.”

“म्हंजे गो?”

“वैदूची मुळी उगाळून तुज्या चायत घालते, दोन महिने.”

“तरी चाय कडू लागते. मना वाटला, तुजा हातच तसा.”

“हसू नको रे. मना भ्याव वाटतो.”

“मंग मी आडवा होऊन झोपाय लागलो, ता कोनाच्या दवेनी?”

“नाय ठाव.”

“गप रहा. समजला तं माजा नाव कापतील. ही दवा बंद झाली, तं परत बसून रात काढायची.”

“आन नाय सांगितला तं?”

आतून धाकलूचे नाव पुकारले गेले. तो भिंतीला धरून उठेपर्यंत भिमी दारात नर्सबाईपुढे पोचली होती.

“बाय, यानी नाय, मी केलंय. नाव कापायचा, तं माजा कापा.”