मागच्या गेटचा पत्रा

…आणि वर लिहितात काय, तर ‘काळजी नसावी’. आता तुम्हीच सांगा, भरदुपारी बाईच्या मोबाइलवर मेसेज येतो, ‘आपली पाल्य कुमारी उन्नती ही छोट्या सुट्टीत मागील गेटजवळ एकटी आढळली, कृपया नोंद घ्यावी, काळजी नसावी’, तर ती बाई काळजी नाही करणार तर काय पापड लाटत बसणार? काळजी नसावी म्हणे. अहो, तुम्ही मेसेज पाठवला नसता तर नसतीच की!

ही बाई म्हणजे आमची तुळशी. चिखलोलीला माझ्या समोरच्या दारात राहते, नवरा कैलास अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्टला, मुलगी उन्नती नववीत, आणि सासरा हरिचंद्र, वय विचारलं तर दर वेळी वेगळं सांगणारा. तुळशी जाते उल्हासनगरला, कॅम्प पाचला, जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला. समोर पँटींचा ढीग, हातात कात्री, आणि कमरेला खोचलेला मोबाइल टिंग करतो. रोज. तो सेठसुद्धा कंटाळला हो, म्हणायला लागला, “क्या तुलसी, फिर स्कूल से? तेरी लडकी स्कूल में पढती है के स्कूल चलाती है?” बाकीच्या बायका हसायच्या. तुळशी पण हसायची, आणि मग पँट सोडून भलताच धागा कापायची.

तर हे मेसेजचं खूळ याच वर्षी आलं शाळेत. खूळ म्हणते खरी, पण खोटं कशाला बोलू, सुरुवातीला आम्हाला सगळ्यांना बरंच वाटलं होतं. आजकाल पोरींना शाळेत सोडून घरी यायचं म्हणजे जीव तिकडंच राहतो, सांगायला नको. शाळेनं काय केलं, सगळ्या शिक्षकांच्या आणि मावश्यांच्या मोबाइलमध्ये एक बटण दिलं. कुठं मारामारी दिसली, कुणी रडताना दिसलं, कुणी नको तिथं दिसलं, की दाबायचं. दाबलं की तिकडं ऑफिसात सोनिया मॅडमच्या कॉम्प्युटरवर शाळेचा नकाशा असतो, त्यावर लाल ठिपका. आणि इकडं आईबापाच्या मोबाइलवर टिंग.

सोनिया मॅडम म्हणजे तरुण मुलगी, मनानं फार चांगली, पालकसभेत उभी राहून अशी गोड बोलायची, “पॅरेंट्स, हा रेड एरिया बघा. आपण मुलांना पनिश नाही करायचं. आपण बघायचं, प्रॉब्लेम कुठे होतो, कधी होतो, आणि ती जागा सुधारायची. मुलं आपोआप सुधारतात.” आणि तसं झालंही, बरं का. सगळी मारामारी कुठं निघाली? पाण्याच्या नळापाशी. का? तर एकच नळ चालू आणि सगळी शाळा एकदम तहानलेली. नळ दुरुस्त केले, लहान-मोठ्यांची सुट्टी वेगळी केली, मारामारी गायब. जिन्यात मोठी पोरं लहानग्यांना टपल्या मारायची, तिथं एक सर उभे केले, टपल्या गायब. ज्या पोरांना आपण वर्षानुवर्षं वांड म्हणत आलो ती नुसती तहानलेली होती म्हणा ना. तुळशीनं तर टाळ्या वाजवल्या होत्या त्या सभेत.

मग नकाशावर उरला एक ठिपका. मागच्या गेटजवळ. आणि तो तिच्या उन्नतीचा.

मॅडमनी बोलावून घेतलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, “काकू, रोज तीच वेळ, तीच जागा. इट्स अ पॅटर्न. ती कुणाला तरी भेटते.” शेजारी ठमाबाई उभी. ती दुसऱ्या मजल्यावरची मावशी, गॅलरीतून बटण दाबणारी तीच. तिथून तिला गेट दिसतं, गेटच्या पलीकडचं काही दिसत नाही, मध्ये भिंत. ती आपली खालच्या मानेनं सांगते, “गजाला धरून बोलत असते ओ. हसत असते. डब्यातलं काय तरी बाहेर देते. मी वाईट नाय बोलत ताई, पण वय वाईट.”

आता असं ऐकल्यावर आईचं काय होतं? घरी येऊन तुळशीनं विचारलं, गोडीनं विचारलं, शपथ घालून विचारलं, आणि मग एक ठेवूनही दिली. पोरीचं आपलं “कुणी नाही” एवढंच. कैलासला कळलं तेव्हा तो ओरडला नाही, तेच वाईट. जेवता जेवता शांतपणे म्हणाला, “दिवाळीपर्यंत बघतो. नाय सुधारली तर दाखला काढायचा आणि पाठवायची मामाकडं. बाहेरून दहावी करेल.” बाहेरून दहावी म्हणजे काय ते तुळशीला कुणी शिकवायला नको. तिला स्वतःला नववीतूनच काढलेलं. तिला कुणीतरी कुणाशी तरी बोलताना पाहिलं होतं म्हणे. ती कुणाशी बोलत होती, हे विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती. म्हणजे बघा, त्या वेळी मोबाइल नव्हते, पण टिंग होतंच.

आणि मेसेज काही थांबेनात. काळजी नसावी, काळजी नसावी, काळजी नसावी… शेवटी एक दिवस तुळशी उठली, अर्धा खाडा करून शाळेत गेली आणि मॅडमसमोर हात जोडले. म्हणाली, “मॅडम, मेसेज आला की बाप पोरीला शाळेतून काढायचं म्हणतो, पाया पडते. त्यापेक्षा ते गेटच बंद करून टाका. पत्रा ठोका त्याला. जागाच नाही राहिली तर ती जाईल कुठं?”

मॅडमना एवढा आनंद झाला. त्यांचंच तर म्हणणं ते, जागा सुधारा. आठवडा गेला नाही तर वेल्डिंगवाला येऊन वरपासून खालपर्यंत पत्रा बसवून गेला, उजेडाची फट शिल्लक नाही. आणि मेसेज बंद! नकाशा सगळा हिरवागार. पुढच्या सभेत मॅडमनी सांगितलं की एका जागरूक पालकाच्या सूचनेमुळे आपली शाळा आता पूर्ण ग्रीन झोनमध्ये आली आहे, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुळशी लाजली. त्या संध्याकाळी शिरा केला तिनं, मलाही वाटी आणून दिली. म्हणाली, “वाचली गं पोरगी.” मी पण खाल्ला शिरा. चांगला झाला होता.

आता सासऱ्याचं सांगते. हा हरिचंद्र रोज सकाळी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर पडायचा आणि जेवायच्या वेळेला परत यायचा. घरच्यांना वाटायचं, देवळात जाऊन बसतो. वय झालं, विसरतो, पण वाट चुकत नाही, म्हणून कुणी मागं लागत नव्हतं. तर ज्या आठवड्यात पत्रा बसला त्याच आठवड्यात तो जेवायला आलाच नाही. कैलास शिफ्टवर, तुळशी कॅम्पात, पोरगी शाळेतून आली तर ताट तसंच झाकलेलं आणि आजा कुठंच नाही. अंधार पडायच्या बेताला एक रिक्षावाला त्याला घेऊन आला. पार बदलापूर गावाच्या पुढं रस्त्याच्या कडेनं चालला होता, अनवाणी. चपला कुठं गेल्या त्याला माहीत नाही. दारात उभा राहिला आणि तुळशीला म्हणाला, “शेत नाय गवला गो. वाट व्हती ती कुनी तरी बुजवली. लई फिरलो. शेतच नेलाय कुनी.”

तुम्हाला सांगते, मी दारातच होते. तुळशीला काही कळेना. शेत कुठलं? शेत तर केव्हाच विकलं. त्याचा अंगठा, कैलासची सही, त्याच पैशातून हा फ्लॅट आला, कैलासची मोटरसायकल आली. आणि त्या शेतावर काय उभं राहिलं? शाळा. हीच शाळा! मागचं गेट जिथं आहे तिथून बांधावर जायची वाट होती पूर्वी.

मग उन्नती बोलली. इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम. आजा रोज त्या गेटवर येतो, मला शेतात जायचंय म्हणतो. पहिल्या दिवशी पुढच्या गेटवर गेला होता, तिथल्या वॉचमननं विचारलं, “किससे मिलना है?” हा म्हणतो, “शेताला.” त्यानं दंडाला धरून काढला. उन्नतीनं वरून पाहिलं. मग ती रोज छोट्या सुट्टीत मागच्या गेटवर धावत जायची आणि गजातून सांगायची, आज्या, लावणी झाली. आज्या, बेणणी झाली, तण उरलं नाही. आज्या, पाणी भरपूर आहे, बांध धड आहे, तू घरी जा. अर्धी भाकरी द्यायची. तो हसायचा, तीही हसायची, आणि तो खुशाल घरी परत.

“मग सांगितलं का नाहीस?” तुळशीनं विचारलं.

“सांगितलं असतं तर पप्पांनी त्याला कोंडला असता,” उन्नती म्हणाली. “मागच्या वर्षी कडी लावली होती ना, तेव्हा दिवसभर दार खाजवत होता तो. मला काय बोलायचं ते बोला म्हटलं.” आणि मग आईकडं बघून म्हणाली, “पण तो पत्रा कुणी ठोकला गं?”

तुळशीनं खाली बसून सासऱ्याचे पाय धुवायला घेतले.

दुसऱ्या दिवशी गेली ती शाळेत, गेट उघडा म्हणून सांगायला. सोनिया मॅडमनी सगळं ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत, ठमाबाईनं तर पदरानं तोंड झाकलं. पण मॅडम म्हणाल्या, “काकू, गेट उघडलं की आजोबा येणार. अनोळखी माणूस गेटवर म्हणजे सगळ्यात मोठा अलर्ट. उद्या त्यांच्या जागी दुसरा कुणी आला तर? मी सगळ्या पालकांना काय उत्तर देऊ?” तीही बरोबरच बोलत होती. हेच तर दुखणं आहे. कुणी वाईट असतं तर दोन शिव्या घालून मोकळं तरी झालो असतो! पोरीचं नाव मात्र धुऊन निघालं, दाखल्याचं बोलणं संपलं. आणि मग कैलासनं दाराला बाहेरून कडी लावली. लावणार नाही तर काय करणार, म्हातारा रस्त्यावर मरायचा.

म्हातारा जेवेना. दाराशी बसायचा, दाराकडंच बघायचा. शेवटी तुळशीनं कारखान्यात जाणं सोडलं. आता जीन्सची गाठोडी घरी आणून धागे कापते, आणि दुपारी कडी काढून सासऱ्याचा हात धरून त्याला शाळेच्या मागं घेऊन जाते. पत्र्यासमोर दोघं उभी. ती सांगते, “बाबा, शेत झ्याक आहे, चला घरी.” तो तिच्याकडं असा बघतो… “तुला काय कलतंय? पोरीला इचार.” आणि हलत नाही. रोज असंच. रडकुंडीला येऊन ओढत आणायची त्याला.

परवा मी पण गेले होते सोबत. दिवाळी होऊन गेलेली, ऊन चांगलंच. म्हातारा पत्र्याला हात लावून उभा. आणि आतून एकदम आवाज सुरू झाला. ढाण, ढाण, ढाण. कुणीतरी डब्याचं झाकण घेऊन पत्रा बडवतंय. आम्ही दचकलो, पण हरिचंद्रानं मान वर केली, कान दिला, आणि किती तरी दिवसांनी त्याचं तोंड फुललं. म्हणाला, “पोर पाखरा हाकलतंय. भात पिकलाय आता, राखायलाच पायजे.” वळला, आपणहून. घराकडं.

तेवढ्यात तुळशीच्या कमरेला टिंग.

तिनं तिथंच उभं राहून वाचला. मी पण वाकून वाचला. ‘आपली पाल्य कुमारी उन्नती ही शाळेच्या मालमत्तेचे नुकसान करताना आढळली. पालकांनी शनिवारी समक्ष भेटावे. काळजी नसावी.’ पत्र्याच्या त्या बाजूला पोरगी बडवतेय, या बाजूला आई वाचतेय.

हरिचंद्र थांबला. “काय लिवलाय गो?”

तुळशीनं मोबाइल खोचला, त्याचा हात धरला. “काही नाही बाबा. पोर शेत राखतेय, असं कळवलंय त्यांनी.”

“मंग बरा केला,” तो म्हणाला. “आपन होऊन कोन कलवतंय आजकाल.”