निळीच्या दोन पुड्या

तुम्ही रोज आंघोळ करता, ते पाणी मोरीतून पुढे कुठे जातं, हे कधी पाहायला गेलात का? नाही ना? मी गेले. म्हणून तर एवढं सगळं झालं.

माझं माहेर यावलकडचं, केळीच्या बागांमधलं. माय घड वाहायची, चिकाने तिचं एकही लुगडं धड राहिलं नाही, आणि बाप दुसऱ्याच्या बागेत पाणी द्यायचा. जमिनीखालचा पाइप फुटला की पाणी कुठे मुरतंय ते कळायचं नाही, मग बाप हौदात निळीची पुडी कालवायचा आणि आम्हा पोरांना बागेत सोडायचा, जिथे निळं दिसेल तिथून हाक मारा. म्हणायचा, शोभे, माणूस खोटं बोलते, नीळ नाही बोलत. हे मी का सांगतेय ते पुढे कळेल.

लग्न होऊन मी धुळ्याच्या खालच्या अंगाला, पांझरेच्या काठच्या गावात आले. पहिल्या दिवसांत माझं बोलणं ऐकून बाया हसायच्या, सासू म्हणायची, हसू नका व, आते ती आमनी शे. आता तर सगळं, बठ्ठं म्हणा, इकडचंच तोंडात बसलंय. आमच्या वस्तीची विहीर नदीला लागून. पाण्याची गोष्ट आम्हाला कुणी शिकवू नये, आमच्या लोकांना पाणी कसं मिळालं ते आम्हाला माहीत आहे. ती विहीर आमची आहे, एवढं लक्षात ठेवा.

तर शहरात नदीकाठी ते हॉटेल उभं राहिलं. नाव घेत नाही, नाव घेतलं की त्यांचीच जाहिरात. भिंतीवर हिरवी झाडं काढलेली, निसर्गाचे मित्र म्हणे. ते सुरू झालं आणि आमच्या विहिरीवर फेस यायला लागला, पाण्याला अत्तरासारखा वास, पोरांच्या अंगावर पुरळ. आम्ही बायांनी अर्ज केला, पहिलं नाव माझं. प्रदूषण खात्याचे साहेब म्हणाले, शुक्रवारी पाहणीला येतो. आणि काय सांगू तुम्हाला, बुधवारी सकाळीच दारात गाडी! गाडीतून हॉटेलची एक मुलगी उतरली, गोड बोलणारी, म्हणाली अक्का, मी जामनेरची, तुमच्यासारख्याच घरातली, आमच्याकडे दोन दिवस पाहुण्या म्हणून राहा, सगळं डोळ्यांनी पाहा आणि खात्री पटली तर अर्ज मागे घेतल्याच्या कागदावर सही करा. मी म्हटलं, आणि नाही पटली तर? ती नुसती हसली. ते हसणं मला पटलं नाही.

माझी जाऊ वत्सला म्हणाली, चल ना व अक्का, जन्मात एकदा गादीवर लोळू, सही करायची का नाही ते मग पाहू. मी म्हटलं, तू लोळ, मी पाहते. आणि जाताना दुकानातून निळीच्या दोन पुड्या घेऊन बटव्यात टाकल्या.

दारात मॅनेजर हात जोडून उभा. मी म्हटलं जयभीम, तो म्हणाला या या माताजी. इतक्या मानाची मला सवय नाही, मी आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय का. खोलीत बांबूचा ब्रश, काचेची बाटली, कागदाची पिशवी, प्लास्टिक औषधाला नाही. टोपलीत केळी, वर चिठ्ठी, विषमुक्त. मी केळं हातात घेतलं, अंग पिवळंधमक आणि देठ हिरवागार. अहो, केळीत वाढलेली बाई मी, पावडर लावून पिकवलेलं केळं मला डोळे मिटून कळतं. वत्सला म्हणाली, खा ना, फुकटचं शे. मी म्हटलं, फुकटचं शे म्हणूनच नाही खात.

मोरीत भिंतीवर हिरवं कार्ड, पाणी वाचवा, टॉवेल रोज धुवायला टाकू नका. आणि त्या कार्डाखालीच टब, आमची म्हैस बसेल एवढा.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने मागे नेऊन यंत्र दाखवलं. घरघर चाललेलं, एका नळातून स्वच्छ पाणी, म्हणाली हॉटेलचं सगळं सांडपाणी इथे येतं, शुद्ध होतं, झाडांना जातं. मी विचारलं, खोलीतून इथवर कोणत्या वाटेने येतं? म्हणाली, जमिनीखालून पाइप आहे. बस, जमिनीखालून म्हटल्यावर मला बाप आठवला.

जेवणाच्या वेळेला सगळे आत असताना वत्सलाला नदीकडच्या पायऱ्यांवर पाठवलं, तिथे बोगनवेलीच्या मागे एक तोंड मी आदल्या दिवशीच हेरून ठेवलं होतं. टब काठोकाठ भरला, दोन्ही पुड्या कालवल्या, बूच काढलं. खरं सांगते, एक मन म्हणत होतं, नको निघू दे निळं, त्या पोरीचं बोलणं खरं ठरू दे, भांडून भांडून जीव थकलाय. तेवढ्यात खालून वत्सला ओरडली, अक्का, ये व, निळं शे, बठ्ठं निळं शे!

मी धावत गेले. बोगनवेलीखालून निळी धार नदीत पडत होती. वत्सलाने मोबाइलवर फोटो काढला. जामनेरची मुलगी मागोमाग आली, पाहून पांढरीफटक पडली, म्हणाली अक्का, शपथ, मला माहीत नव्हतं. खरं असेल. नसेलही. माझं अजून ठरलेलं नाही. मॅनेजर मात्र टब निळा झाला म्हणून ओरडला, नदी निळी झाली त्याचं काहीच नाही! आता माताजी नव्हते मी, ए बाई होते. सही केली नाही, बसने घरी आलो.

शुक्रवारी साहेब आले. तोपर्यंत बोगनवेलीमागे ताजं सिमेंट. फोटो पाहून साहेब म्हणाले, बाई, निळं पाणी काय, कुणीही ओतेल. शिवाय तुम्ही अर्जदार, तुमचं वैर. बाहेरच्या माणसाने पाहिलं असेल तर सांगा. अर्ज अजून तसाच पडून आहे. आणि सिमेंट लागलं तरी विहिरीतला फेस गेलेला नाही, म्हणजे दुसरं तोंड कुठेतरी आहे. आम्हाला आता गेटच्या आत घेत नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही बाहेरची माणसं, तुम्हाला दार उघडतात, वर हात जोडतात. नदीकाठच्या हॉटेलात उतरलात, कुठल्याही, तर हिरव्या कार्डावर जाऊ नका. बटव्यात निळीची पुडी न्या, मोरीत ओता आणि काठावर जाऊन उभे राहा. आमच्या धुळ्यात आलात आणि निळं दिसलं, तर आमच्या वस्तीवर या. अर्जाखाली आम्ही जागा रिकामी ठेवली आहे. पाहिलं तेवढंच लिहा, आणि खाली तुमचं नाव घाला.